भारतरत्नाचा फॉर्म मिळत नाही, भाऊ

प्रश्न थोडक्यात आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अमळनेर तालुक्यातल्या एका गावचा तरुण विचारतोय की साने गुरुजींना भारतरत्न मिळावं म्हणून आमच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचाय, त्याचा नमुना कसा असतो, पाठवायचा कुठे, आणि तालुक्याच्या गावी एक जण "दिल्लीत फाईल लावून देतो" म्हणून 11 हजार मागतोय तर ते द्यायचे का. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय की आमच्या गावात एक आजी आहे, ऐंशीच्या पुढची, कानबाईची (खान्देशात श्रावणात बसवतात ती देवी) गाणी तिच्याइतकी पंचक्रोशीत कोणाला येत नाहीत, तर तिला काही मिळू शकतं का.

मी रिटायर्ड माणूस. खान्देशातल्या एका सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टपालात, आणि सामान्य शाखेत, अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो. पुरस्कारांचे प्रस्ताव, निवेदनं, चौकशीची पत्रं हे सगळं या हातातून गेलंय, आणि रिटायर झाल्यावरही लोकांचे पद्मचे फॉर्म भरून देतो, फुकट, चहा पाजला तर पितो. त्यामुळे जे सांगतोय ते ऐकीव नाही.

आधी 11 हजाराचं. देऊ नको. एक रुपया देऊ नको. भारतरत्नासाठी फॉर्मच नसतो, फी नसते, खिडकी नसते, त्यामुळे "फाईल लावून देतो" म्हणणारा नेमकी कोणती फाईल कुठे लावणार हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. फार तर तो तुझ्याच ठरावाची झेरॉक्स स्पीड पोस्टाने पाठवेल आणि पावती दाखवेल. ती पावती तू स्वतः जाऊन आणलीस तर शे-दीडशेच्या आत काम होतं.

भारतरत्नाची पद्धत सगळ्यात साधी आणि म्हणूनच सगळ्यात बंद. पंतप्रधान राष्ट्रपतींना नाव सुचवतात, राष्ट्रपती देतात. बस. मधे कमिटी नाही, नामांकन नाही, शेवटची तारीख नाही. संसदेत कोणी खासदार विचारतो की अमक्याला भारतरत्न देणार का, तर गृह मंत्रालयाचं उत्तर वर्षानुवर्षं त्याच अर्थाचं असतं, की शिफारशी वेगवेगळ्या लोकांकडून येत असतात पण औपचारिक शिफारशीची गरज नाही, निर्णय वेळोवेळी घेतले जातात. हे "वेळोवेळी" म्हणजे खरंच वेळोवेळी, कारण 2001 नंतर पुढचं नाव जाहीर व्हायला थेट 2008 चा नोव्हेंबर उजाडला, आणि 2024 ला मात्र जानेवारी-फेब्रुवारीत मिळून पाच नावं आली, कर्पूरी ठाकूर, अडवाणी, नरसिंह राव, चरणसिंग आणि स्वामीनाथन. वर्षाला जास्तीत जास्त तीन असा दंडक आहे म्हणतात ना, तो 1999 ला एकदा मोडला (तेव्हा चार झाले) आणि 2024 ला पुन्हा. देणारे तेच आणि दंडक पाळणारेही तेच, मग अडवणार कोण.

आता निवेदनांचं काय होतं ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. जयंती-पुण्यतिथी जवळ आली की एखादं मंडळ, एखादी संघटना, पंधरावीस जण, पुढे एक बॅनर, कचेरीच्या पायऱ्यांवर फोटो, आणि निवेदन साहेबांच्या हातात. साहेब हसतात, घेतात, "वर पाठवतो" म्हणतात. खोटं नाही बोलत ते, खरंच वर जातं. निवेदन खाली बारनिशीत येतं, गोल शिक्का बसतो, आवक नंबर पडतो, शाखेत येतं, आम्ही दोन ओळींचं पत्र करतो, "सोबतचे निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर", सही, जावक नंबर, टपाल. संपलं. त्याच दिवशी निवेदन देणाऱ्याला प्रत जाते, तो ती लॅमिनेट करून घेतो. मी एकदा हे पत्र टाईप करत असताना आमचा शिपाई, साक्रीकडचा, शेजारी चहा घेऊन उभा, त्याने मला विचारलं, "आप्पा, हाऊ कागद दिल्लीमा कोनी वाचस का?" मी म्हटलं, वाचत असतील रे. तो म्हणाला, "तुम्ही तरी वाचा का?" मी वाचलेलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, पूर्ण दोन पानं, आणि त्यात ज्यांच्यासाठी भारतरत्न मागितलं होतं त्यांचं जन्मवर्ष चुकलेलं होतं.

म्हणजे ठराव करू नको असं नाही म्हणत मी. कर. ग्रामसभेचा ठराव हा गावाचा आवाज आहे, त्याची नोंद इतिवृत्तात राहते, पन्नास वर्षांनी कोणी उघडलं तर कळेल की या गावाला गुरुजी आठवत होते. नमुना असा काही नसतो, ग्रामसेवक लिहून देईल, "ही ग्रामसभा केंद्र शासनास शिफारस करते की" असं सुरू करायचं, सूचक-अनुमोदक, ठराव नंबर, सर्वानुमते मंजूर. विधिमंडळानेही हेच केलंय, मार्च 2025 मध्ये महात्मा फुले आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावं असा ठराव आपल्या विधानसभेत एकमताने झाला. विधानसभेचा ठरावही शेवटी शिफारसच असतो, आदेश नसतो, मग तुझ्या ग्रामसभेचं वजन किती ते तूच ठरव. पाठवायचं असेल तर सरळ गृह मंत्रालय आणि पंतप्रधान कार्यालय, तालुक्याच्या एजंटामार्फत नको.

आता गुरुजींचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खान्देशाच्या माणसाला भारतरत्नाची यादी वाचताना जे दिसतं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला दिसत नाही.

1932 साल. धुळ्याचा जेल. विनोबा आत आहेत, गुरुजीही आत आहेत. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलतात, अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि खाली बसून गुरुजी भराभर लिहून घेतात. तेव्हा टेप नाही, काही नाही. विनोबांच्या बोलण्याची गती आणि गुरुजींचा हात. त्यातून गीता प्रवचने तयार झालं, जे पुढे देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. विनोबा 1982 ला गेले, 1983 ला त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. गुरुजी 11 जून 1950 ला गेले, तेव्हा भारतरत्न नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती, ती आली 2 जानेवारी 1954 ला. बोलणाऱ्याला मिळालं, लिहून घेणाऱ्याला नाही. मी जन्मभर लिहून घेणारा माणूस, मला हे जास्त लागतं असं समज.

पण "भारतरत्न सुरू व्हायच्या आधी गेले म्हणून देता येत नाही" असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. सुरुवातीला मरणोत्तर द्यायची सोय नव्हती हे खरं, पण जानेवारी 1955 ला नियम बदलून ती आली, आणि पहिलं मरणोत्तर मिळालं लालबहादूर शास्त्रींना 1966 ला. पुरस्कार जन्माला यायच्या आधी गेलेल्यांनाही मिळालंय, तीन नावं आहेत, सरदार पटेल (गेले 1950, मिळालं 1991), आसामचे गोपीनाथ बोरदोलोई (गेले 1950, मिळालं 1999) आणि मदनमोहन मालवीय, जे 1946 ला गेले आणि 2015 ला मिळालं. म्हणजे नियम आडवा येत नाही. 2024 पर्यंत 53 जणांना मिळालं, त्यातले 18 मरणोत्तर. बाबासाहेबांना जाऊन 33 वर्षं झाल्यावर, 1990 ला. त्यामुळे उशीर हा इथे अपवाद नाही, रीतच म्हण.

बाबासाहेबांवरून आठवलं, धुळ्याहून मुंबईकडे निघालं की लळिंग लागतो, त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या जंगलात लांडोर बंगला आहे. बाबासाहेब 1937 मध्ये कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते तेव्हा तिथे गेले होते, आणि आजही 31 जुलैला तिथे माणसांची जत्रा भरते. भारतरत्न मिळालं म्हणून ती माणसं येत नाहीत, त्याच्या कितीतरी आधीपासून येतात.

आणि विश्वेश्वरय्या. या माणसाचं नाव घेतलं की सगळे म्हैसूर, कृष्णराजसागर असं सुरू करतात. अरे पण त्याची नोकरी सुरू झाली आपल्याकडे. 1884 ला मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले, आणि सुरुवातीच्याच दिवसांत साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेवर पाइपचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. म्हणजे पाटाचं पाणी नदीच्या पात्राखालून पाइपात घालून पलीकडच्या काठाला काढायचं, पाणी आपोआप वर चढतं, पंप नाही काही नाही. पांझरेला पूर आला की काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, अशा नदीत विशीतल्या पोराने ते काम केलं. त्याच पांझरेच्या काठावर आपल्या शेतकऱ्यांची फड पद्धत पूर्वीपासून चालू होती, बंधारा, पाट, आणि पाण्याची पाळी गावाने गावात ठरवायची. त्या सायफनच्या दिवसांनंतर सत्तर वर्षांनी, 1955 ला, विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळालं, नेहरू आणि भगवान दास यांच्यासोबत. नेहरू म्हणजे तेच, जे डिसेंबर 1936 ला आपल्या फैजपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते, खेडेगावात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. यावल-रावेरच्या लोकांना हे वेगळं सांगायची गरज नाही, त्यांच्या आजोबांनी तिथे मांडव घातलेत.

अजून एक, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही. भारतरत्नाची सनद राष्ट्रपतींच्या सहीची असते. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील 2007 ते 2012 राष्ट्रपती होत्या, आणि त्या पाच वर्षांत भारतरत्न एकालाच मिळालं, भीमसेन जोशींना.

मराठी माणसांचा हिशेब काढायचा झाला तर पहिले धोंडो केशव कर्वे, 1958, वयाची शंभरी गाठल्यावर. मग 1963 ला पां. वा. काणे, मग विनोबा, बाबासाहेब, लताबाई, सचिन, नानाजी देशमुख. सचिन चाळिशीत, कर्वे शंभरीत, आजवर यापेक्षा लहान आणि यापेक्षा मोठं कोणी नाही, आणि दोघंही आपले, ही गंमतच. सचिनला देता यावं म्हणून असो की आणखी कशासाठी, 2011 च्या डिसेंबरात निकष बदलला, आधी कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा एवढंच होतं, नंतर मानवी कर्तृत्वाचं कुठलंही क्षेत्र झालं. बायका मात्र 53 मधे पाचच, इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि लता मंगेशकर. बहिणाबाईंसाठी पण निवेदनं येतात आपल्याकडे, येऊ देत, पण हा आकडा बघून ठेव.

परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी पटकन, कारण क्लासच्या नोट्समधे हमखास चुका असतात. पहिल्या वर्षी, 1954 ला, राजाजी, राधाकृष्णन आणि सी. व्ही. रामन. कलामांना मिळालं 1997 ला, ते राष्ट्रपती झाले नंतर, 2002 ला. परदेशी दोनच, खान अब्दुल गफार खान 1987 आणि मंडेला 1990. मदर तेरेसा परदेशात जन्मल्या पण भारताच्या नागरिक होत्या, त्यांना परदेशीत धरू नका. सुभाषबाबूंना 1992 ला मरणोत्तर जाहीर झालं होतं, पण "मरणोत्तर" शब्दावरूनच वाद कोर्टात गेला, मृत्यूच सिद्ध कुठे झालाय असं लोकांचं म्हणणं, शेवटी 1997 ला ते प्रकरण मिटलं आणि त्यांना दिलं गेलं नाही. मौलाना आझादांनी हयात असताना नको म्हटलं, कारण निवड करणाऱ्यांतल्यांनीच घेऊ नये असं त्यांचं मत होतं, मग 1992 ला मरणोत्तर दिलं. आणि 1977 ला जनता सरकारने हे सगळे पुरस्कार बंद केले होते, 1980 ला परत सुरू झाले. गांधीजींना भारतरत्न द्या म्हणून 2020 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात याचिका गेली होती, कोर्ट म्हणालं की गांधीजी या सन्मानाच्या फार वर आहेत, आणि याचिका ऐकून घेतली नाही. तुझ्या ठरावाला कोणी हरकत घेतली तर गुरुजींच्या बाबतीत पण हेच म्हण, तेवढंच समाधान.

पैसे किती मिळतात हा प्रश्न तू विचारला नाहीस पण खाली कोणीतरी विचारणारच. शून्य. सनद आणि पदक. पदक पिंपळाच्या पानाच्या आकाराचं, साधारण 5.8 सेंटीमीटर लांब, 4.7 रुंद, 3 मिलिमीटरच्या आसपास जाड, पानावर सूर्य, खाली देवनागरीत "भारतरत्न", सूर्य आणि पानाची कड प्लॅटिनमची, बाकी ब्राँझ. पांढरी रिबीन. कोलकात्याच्या टांकसाळीत बनतं. मळ्याच्या बांधावरच्या पिंपळाचं मध्यम पान तोडून तळहातावर ठेव, एवढंच. सुरुवातीला म्हणे गोल सोन्याचं ठरलं होतं, 35 मिलिमीटरचं, मग पान केलं, बरं झालं. मानाचं म्हणशील तर सरकारी कार्यक्रमात कोण कुठे बसणार त्या यादीत 7अ नंबर.

आणि नावाच्या आधी लावायचं नाही. हे फार लोकांना माहीत नाही. घटनेच्या कलम 18 ने किताब बंद केले, मग भारतरत्न-पद्म हे किताब नाहीत का असा वाद सुप्रीम कोर्टात गेला, डिसेंबर 1995 ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की नाहीत, हे सन्मान आहेत, घटनेला धरून आहेत, पण नावापुढे किंवा नावामागे लावायचे नाहीत. म्हणजे स्वतःच्या लेटरहेडवर "भारतरत्न अमुक तमुक" चालत नाही, "राष्ट्रपतींकडून भारतरत्नने सन्मानित" असं चालतं. आपल्याकडे चौकाचौकात बॅनरवर लिहितात ते लोकांचं प्रेम, त्यांना कोण अडवणार. पण मिळालेल्या माणसाने स्वतः लावलं तर सन्मान काढून घेता येतो. मी हे एका सत्कार समितीला सांगितलं तर ते म्हणाले, आप्पा, फ्लेक्स छापून झाला.

आता तुझ्या शेवटच्या ओळीवर येतो. सबंध प्रश्नात कामाची तेवढीच ओळ आहे, राग मानू नको.

कानबाईची गाणी येणारी आजी, ऐंशीच्या पुढची. तिच्यासाठी दार उघडं आहे, आणि त्या दाराची चावी तुझ्या मोबाईलमध्ये आहे. पद्म पुरस्कारांना नामांकन कोणीही करू शकतं, तू, मी, शाळेचा मास्तर, स्वतः ती आजी सुद्धा. ग्रामसभा नको, आमदाराचं पत्र नको, फी नाही. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल आहे गृह मंत्रालयाचं, फक्त ऑनलाईन, कागदी अर्ज चालत नाही. खिडकी वर्षातून काही महिनेच उघडी असते आणि तारखा हलतात, 2025 च्या पुरस्कारांसाठी 15 सप्टेंबर 2024 शेवटची होती, तर 2026 च्या पुरस्कारांसाठी आधी 15 मार्च ते 31 जुलै 2025 एवढीच ठरवली होती. म्हणून दर मार्चपासून पोर्टल बघत राहायचं. पुढे कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली कमिटी बसते, चौकशी होते, आणि 26 जानेवारीच्या आदल्या दिवशी यादी येते. सरकारी नोकरीत असलेल्यांना मिळत नाही, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून.

आणि खान्देशात कोणाला मिळत नाही असं म्हणू नको. 2025 च्या यादीत बारीपाड्याचे चैत्राम पवार आहेत, साक्री तालुका, जंगल राखलं म्हणून पद्मश्री. बारीपाडा कुठे आहे ते नकाशावर बघ एकदा, म्हणजे तुझं गाव फार आडबाजूला नाही हे कळेल. त्याआधी भवरलाल जैन 2008, नेमाडे 2011, उज्ज्वल निकम 2016. ही मोठी नावं झाली, पण चैत्रामभाऊंचं बघ, पाड्यावरचा माणूस.

फक्त एक अट आहे आणि ती भारतरत्नाच्या बरोबर उलटी. भारतरत्न माणूस गेल्यावर जवळपास सत्तर वर्षांनीही मिळतं. पद्म साधारणपणे मरणोत्तर देत नाहीत.

हे मी शिकलो ते वहीगायन करणाऱ्या एका बुवांपायी. नाव लिहीत नाही, घरचे आहेत अजून. वहीगायन तुला माहीतच असेल, डफ, मागे सूर धरणारे झीलकरी, रात्र रात्र आख्यान. बुवांना शेकड्याने वह्या (म्हणजे ती गाणी) पाठ, शाळा दुसरी. रिटायर झाल्यावर त्यांच्या गावच्या पोरांनी मला गाठलं, माहिती आणून दिली, बारा पानं. पोर्टलवर 800 शब्दांच्या आत लिहायचं असतं, आणि या बारा पानांत काय, तर "सूर्यासारखे तेजस्वी", "खान्देशाचा कोहिनूर", "कलेच्या प्रांगणातील ध्रुवतारा", कोण कोणत्या सत्काराला आलं त्यांची नावं, कोणत्या पुढाऱ्याने शाल घातली. बुवा कधीपासून गातात, कोणाकडून शिकले, कितीजणांना शिकवलं, कोणती आख्यानं फक्त त्यांनाच येतात, यातलं एक अक्षर नाही. मी परत पाठवलं. पुन्हा आलं, नऊ पानं, ध्रुवतारा तसाच. मग मीच गेलो, बुवांसमोर खाटेवर बसलो, वही काढली आणि विचारत गेलो. पहिली रात्र कधी गायलात, म्हणाले दुष्काळाचं साल. कोणता दुष्काळ, तर म्हणाले ज्या साली सुकडी वाटली. म्हणजे 72 चा, हे आपण समजायचं. शिष्य किती, तर बोटं मोजली, अकरा, त्यातले तीन वारले, दोन सुरतेला कापड मिलमध्ये. हे असं 800 शब्दांत आलं, नीट आलं, मला अजून वाटतं तेवढं चांगलं मी दुसरं काही लिहिलं नाही. पोर्टलवर टाकून ड्राफ्ट म्हणून सेव्ह केलं, कारण जन्मतारखेचा पुरावा आणायचा राहिला होता, शाळेचा दाखला काढायला पोरगा आज जातो उद्या जातो करत राहिला आणि मीही मागे लागलो नाही, पोळा झाला, गणपती बसले, मुदतीला अजून वेळ होता. भाद्रपदात बुवा गेले. शेवटच्या तारखेच्या अकरा दिवस आधी. तो ड्राफ्ट मी सबमिट केलाच नाही.

चूक माझी होती, पोराची नव्हती. सव्वीस वर्षं मुदती सांभाळलेल्या माणसाने दाखल्यासाठी तीनदा फोन करायला पाहिजे होता.

म्हणून आजीचं आता सांगतो तसं कर. तिच्या गाण्यांचं आधी रेकॉर्डिंग कर, मोबाईलवर चालेल, पण बाकी बायकांच्या गलक्यात नको, दुपारी एकटी बसवून, पंखा बंद करून. कानबाईचे रोट श्रावणात असतात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, तेव्हा तर करच, पण तोपर्यंत थांबू नको. प्रत्येक गाण्याची पहिली ओळ वहीत लिही आणि पुढे लिही की हे तिला कोणी शिकवलं, माहेरी की सासरी. माहेर कोणतं, लग्नाचं साल कोणतं, साल माहीत नसेल तर त्या वर्षी काय झालं होतं, पूर की दुष्काळ की इलेक्शन. किती पोरीबाळींनी तिच्याकडून गाणी घेतली, त्यांची गावं. पेपरमध्ये कधी काही छापून आलं असेल तर कात्रण, आकाशवाणीवर गेली असेल तर तारीख. आधार कार्डावरची जन्मतारीख बहुतेक 1 जानेवारी किंवा 1 जून असेल, आपल्याकडे सगळ्या म्हाताऱ्या माणसांची तीच असते, त्यामुळे आधीच नीट पुरावा बघून ठेव. विशेषणं एकही नको. "महान" लिहिलंस तर मी खोडणार, "खान्देशकन्या" लिहिलंस तरी खोडणार. क्षेत्र कला लिहायचं, त्यात लोककला.

मिळेल याची गॅरंटी नाही, ढीगभर नामांकनं जातात आणि 2025 ला सगळे मिळून 139 पद्म पुरस्कार होते, देशभरातून. पण कमिटीच्या टेबलावर तिचं नाव आणि तिची गाणी 800 शब्दांत जातील, आणि नाहीच मिळालं तर ती वही आणि ते रेकॉर्डिंग तुझ्याकडे राहील.

ठरावाचा मसुदा ग्रामसेवकाकडून लिहून घे, मला पाठव, गुरुजींच्या तारखा तपासून देतो, जन्म 24 डिसेंबर 1899 पालगड, शिक्षक अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला, एवढं तरी चुकवू नका. आणि आजीची वही घेऊन रविवारी ये, सकाळी दहाच्या आत, नंतर ऊन फार असतं. दाखला सोबत आण.